मरीयेचं बाळंतपण

डिसेंबर लागला की आमच्या सिस्टरच्या घरात बाळंतपणाची तयारी सुरू व्हायची. खारका फोडल्या जायच्या, डिंक तुपात फुलायचा, ओवा आणि बाळंतशेपा निवडून डब्यात भरला जायचा, जुन्या सुती साड्या उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत पडायच्या. घरात बाळंत होण्याजोगं कुणी नव्हतं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, सत्तरीच्या पुढच्या, जन्मभर लग्न न केलेल्या. दुसरी मी, त्यांची भाडेकरू, नवऱ्याचं घर सोडून आलेली. तिसरी मांजर होती, पण तिचं ऑपरेशन सिस्टरनी स्वतः टेबलाशी उभं राहून करून घेतलं होतं.

पहिल्या वर्षी मी कामावरून आले तर जिन्यातच डिंकाचा वास. दार उघडंच होतं. सिस्टर कढईपाशी उभ्या.

"सिस्टर, कोण बाळंत होणार आहे?" मी चपला काढता काढता विचारलं.

"मरीया," त्या झाऱ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पंचवीस तारीख आहे. हात धू आणि खारका कुटायला घे."

मला वाटलं, असेल त्यांच्या ओळखीतली कुणी. आमच्या लोकांत मरीया काय, दर दुसऱ्या घरात सापडते. वाटीभर खारका कुटून झाल्यावर मी सहज विचारलं, की कुठे राहते ही, नवरा काय करतो.

सिस्टरनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सुतारकाम करतो," त्या म्हणाल्या. "तू खरंच ख्रिस्ती आहेस ना गं? का घर मिळावं म्हणून सांगितलंस?"

ख्रिस्ती मी होते. नगरकडची, चांगली आजोबांपासूनची. लहानपणी गावात नाताळ म्हणजे ढोलकी, टाळ, घरोघर फिरून गायची गाणी, आणि आईनं तळलेल्या करंज्या. पण खांदेश्वरला येईपर्यंत त्यातलं काही अंगावर उरलं नव्हतं. मी मॉल सजवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करायचे. माझा नाताळ ऑगस्टमध्ये सुरू व्हायचा, कोटेशन पाठवण्यापासून. चाळीस फुटी झाड, त्याखाली मोठमोठे रिकामे गिफ्टबॉक्स, फायबरची हरणं, कापसाचा बर्फ. नव्या मुंबईत दुपारी उघड्यावर उभं राहिलं तर डिसेंबरातही घाम येतो, पण बर्फ नसला की क्लायंट तोंड वाकडं करतो. एका वर्षी मी गोठ्याचं चित्र सुचवलं होतं. मीटिंगमधला माणूस फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, रिलिजियस काही नको ना. ख्रिसमस आहे, फन ठेवूया." मीही मान डोलावली आणि दोन हरणं वाढवली.

सिस्टर बुटक्या, रुंद, पोटऱ्या दणकट. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी पांढरी साडीच नेसायच्या आणि खांद्यावर नर्सेस लावतात ते उलटं घड्याळ टाचलेलं असायचं. घराला त्या वॉर्ड समजत. माझी खोली म्हणजे साइड रूम. सकाळचा चहा कुणी करायचा हे विचारताना म्हणायच्या, "मॉर्निंगला कोण आहे?" भाजीवाल्याशी भाव करता करता त्याचं मनगट धरून नाडी बघायच्या आणि भाव विसरून त्याला तपासणीला पिटाळायच्या. कुणीही घरात आलं की पहिलं वाक्य, "हात धू. कोपरापर्यंत." पाहुणा असो, गॅसवाला असो, की चर्चचे पाळकसाहेब असोत. सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव 'कोपर आंटी' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते मात्र त्या क्वचितच बोलायच्या. माणूस जन्मतो आणि मरतो तेव्हा त्याला दोन हात लागतात, आणि ते त्याचे स्वतःचे नसतात. सगळी नोकरी त्यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती, म्हणजे त्यातल्या निम्म्या वाक्याबद्दल तरी त्यांना अधिकार होता.

आमची ख्रिस्ती मंडळी स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, नसलेली. एका शाळेचा वर्ग रविवारी भाड्यानं घेऊन उपासना चालायची. नाताळाच्या आधी तिथेच संध्याकाळी बायबलचा शास्त्राभ्यास असायचा. सगळे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, फळ्यावर कुणाचीतरी अपूर्णांकांची गणितं. पाळकसाहेब तरुण होते, आवाज गोड. एकदा ते तारा, शांत रात्र, मेंढपाळ असं छान रंगवून सांगत होते आणि सिस्टरनी हात वर केला.

"पाळकसाहेब, नाळ कुणी कापली?"

"काय म्हणालात, सिस्टर?"

"बाळाची नाळ. कुणी कापली?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "शास्त्रात त्याचा उल्लेख नाही."

"ते मला ठाऊक आहे. लहानपणापासून वाचतेय. उल्लेख नाही म्हणून काय नाळ कापलीच नाही का?"

"योसेफ होता ना तिथे."

"योसेफ सुतार. पहिलटकरीण पोरगी, आईबापापासून लांब, गुरांच्या गोठ्यात. वार पडली का, रक्त थांबलं का, हे त्या सुताराला काय कळणार? कुणीतरी बाई आली असणार. गावातली, शेजारची, कुणीतरी. आली, हात धुतले, सगळं निस्तरलं आणि गेली. मेंढपाळांचं लिहिलं, राजांचं लिहिलं, तिचं कुणी लिहिलं नाही."

मागच्या बाकावरची तरुण मंडळी खिदळायला लागली. पाळकसाहेबांनी घाईनं शेवटची प्रार्थना घेतली. मला हसू आवरत नव्हतं आणि सिस्टर रिक्षात बसल्या तरी तावातच होत्या.

"देवाला नुसतं बोट हलवून खाली येता आलं असतं," त्या म्हणाल्या. "पण तो मुद्दाम बाळ होऊन आला. बाळ म्हणजे काय असतं ठाऊक आहे ना? कुणी उचललं नाही तर मरतं. एवढा मोठा देव, त्यानं स्वतःला एवढं परस्वाधीन करून घेतलं. कशासाठी? तर कुणीतरी हात पुढे करावा म्हणून. आणि तुम्ही त्याच्या नावानं थर्मोकोलचा बर्फ पाडता."

"थर्मोकोल नाही, कापूस असतो," मी म्हटलं.

"कापूस तर वॉर्डात पुरत नाही कधी," त्या म्हणाल्या.

ती डिसेंबरची सगळी तयारी असायची ती एका बाळंतविड्यासाठी. आईच्या जुन्या साडीची दुपटी, हातानं शिवलेली झबली, टोपडं, लंगोट, छोटी गोधडी आणि डब्यात डिंकाचे लाडू. नाताळच्या दिवशी उपासना संपली की त्या ते गाठोडं काखेत मारून आपल्या जुन्या सरकारी इस्पितळात जायच्या. त्या दिवशी वॉर्डात जी बाळंतीण एकटी असेल, जिच्या उशाशी माणूस नसेल, तिला ते द्यायचं. नुसतं द्यायचं नाही, संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी बसायचं, तिचं डोकं बांधायचं, बाळ पाजायला शिकवायचं, तिला झोपू द्यायचं. नाव, गाव, जात, धर्म काही विचारायचं नाही. बाळंतपणात बाई एकटी राहू नये, एवढीच त्यांची मागणी होती. देवाकडे, सरकारकडे, सगळ्यांकडे.

एकदा मी विचारलं, हे कुठून काढलंत? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मले. बाप माणूस आणायला धावला, तोवर मी आले. आईजवळ कुणी नव्हतं. ती सांगायची, त्या वेळी कुणाची ओळख नसलेली बाई जरी आत आली असती ना, तरी मी तिला जन्मभर बहीण म्हटलं असतं. आई त्या गोष्टीतून कधी उठलीच नाही बघ. जगली, पण उठली नाही."

मला ते कळत होतं, कारण माझंही तसंच होतं. माझं पहिलं मूल आठवा सरताना पोटात गेलं. एका खाजगी नर्सिंग होममध्ये मी त्याला जन्म दिला, म्हणजे जे काही म्हणतात ते. आई माझी आधीच वारलेली. सासूबाई म्हणाल्या, जे झालं ते झालं, त्याचा बाऊ करू नकोस, लवकर कामाला लाग म्हणजे विसरशील. नवऱ्यानं ऑनलाइन मागवलेला पाळणा परत पाठवला. मला कुणी लाडू केले नाहीत, डोकं बांधलं नाही, कारण बाळच नव्हतं तर बाळंतीण कुठली? चौथ्या दिवशी दूध आलं. त्याचं काय करायचं, हे सांगायलाही कुणी नव्हतं. मी न्हाणीघरात नळ सोडून बसायचे. त्या वर्षीही चाळीस फुटी झाड मीच उभं केलं. लोक म्हणाले, कमाल आहे हिची.

सिस्टरना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, म्हणजे त्यांनीच काढून घेतलं.

"मूल?"

"झालं होतं. राहिलं नाही."

"किती महिने?"

"आठवा सरला होता."

"हं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पुढे दोन वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटायचं, इतक्या बाळंतपणांत त्या माझं विसरूनही गेल्या असतील.

आता त्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांची गंमत सांगायला बसलं की मी फार पुढेमागे होते, पण सोसायटीतला तो किस्सा सांगितल्याशिवाय त्या पुऱ्या व्हायच्या नाहीत.

त्या पहिल्याच डिसेंबरात बाल्कनीत ओळीनं दुपटी आणि लंगोट वाळत घातले आणि जिन्यात डिंकाचा वास सुटला, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगनं हिशेब मांडला की सिस्टरकडची ती एकटी राहणारी भाडेकरू बाळंत होणार. नवरा नाही, येणारंजाणारं कुणी नाही, आणि लंगोट वाळतायत. लिफ्टमध्ये बायका माझ्या पोटाकडे बघायच्या. मला कारण कळेना. शेवटी सेक्रेटरींची बायको वर आली. हात धुवून झाल्यावर सोफ्याच्या कडेला टेकली आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, आमी काय कोणाच्या पर्सनलमध्ये पडत नाय. पन सोसायटी म्हटल्यावर लोक विचारतात ना. हिचं कितव्या महिन्यात आहे?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"हिचं काही नाही," सिस्टर ठणकावून म्हणाल्या. "बाळंतपण मरीयेचं आहे."

"म्हंजे अजून एक भाडेकरू ठेवलीय? मग तिचं अॅग्रीमेंट? पोलीस व्हेरिफिकेशन झालं का? तसं नाय चालत हां सिस्टर, रूल आहे."

सिस्टरचे डोळे लकाकले. ही संधी त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "तिला तर कुणीच ठेवून घेत नाही हो. नवऱ्याबरोबर दारोदार फिरली. दिवस भरलेत बिचारीचे. तुमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगला तरी जागा होईल का बघा."

"टेन्शन नका देऊ सिस्टर," ती बाई उठलीच. "मी ह्यांना विचारते."

'ह्यांनी' खरंच रात्री फोन करून सांगितलं की पार्किंग वाटप झालेलं आहे, पण एनजीओचा नंबर देता येईल. सिस्टर फोन ठेवून इतक्या हसल्या की ठसका लागला. मीही हसले. मग आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं, कारण लिफ्टमधल्या त्या नजरा मला आता कळल्या होत्या.

त्याच सेक्रेटरींनी दुसऱ्या वर्षी लॉबीत झाड लावलं, दिवे, टोप्या घातलेली पोरं, सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या, सगळं. बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती आम्ही दोघीच, म्हणून केक कापायला सिस्टरना बोलावलं. सिस्टरनी झाडाला प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "बाळ कुठंय?"

"कोणाचं बाळ?" एका आईनं दचकून आपलं शोधलं.

सिस्टरनी केक कापला, पोरांना भरवला, कुणाला नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र दूधवाल्याकडून मूठभर गवत आणलं, एका वेताच्या टोपलीत पसरलं, वर स्वच्छ दुपटं घातलं आणि ती टोपली झाडाखाली नेऊन ठेवली. मूर्ती वगैरे काही नाही. आमच्याकडे ती प्रथा नाही. त्यांना नुसती जागा ठेवायची होती. सकाळी आम्ही खाली आलो तर टोपली काठोकाठ भरलेली. ऑनलाइन मागवलेली पार्सलं ठेवायला वॉचमनला ती सोयीची वाटली होती. दुपट्यावर बुटांचा खोका, त्यावर मिक्सरचा, वर कुणाच्या तरी गाऊनचं पाकीट.

मला वाटलं, आता वॉचमनची काही खैर नाही. पण सिस्टर तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. मग गुडघ्यावर बसून त्यांनी एकेक पार्सल काढून बाजूला मांडलं, दुपटं झटकलं, पुन्हा नीट अंथरलं. संध्याकाळी टोपली परत भरली होती. त्यांनी परत रिकामी केली. नाताळपर्यंत त्यांचं आणि बिल्डिंगचं हे असं चाललं. एकदा मी वैतागून म्हटलं, सोडा ना सिस्टर, त्यांना काय कळणार. त्या म्हणाल्या, "त्यांचं जाऊ दे. मी रिकामी केली नाही तर मला तरी कुठे कळणार आहे?" तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कामावर जाताना नकळत वाकले आणि दोन पाकिटं उचलून बाजूला ठेवली.

आणि मग तो तिसरा नाताळ.

त्या दिवशी मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझं काम म्हणजे झाडाचे दिवे जळतायत ना आणि पोरं हरणांवर चढत नाहीत ना हे बघत उभं राहणं. सगळीकडे तेच गाणं, तीच घंटा, सेल्फीसाठी रांग. दुपारी एका मुलीनं माझा हात ओढून विचारलं, "दीदी, ये बॉक्स में क्या है?" मी म्हटलं, काही नाही बाळा, रिकामे आहेत. तिनं विश्वास ठेवला नाही. एक खोका हलवून पाहिला आणि माझ्याकडे अशी बघत गेली, जणू मीच तिचं काहीतरी लपवलं होतं. उपासनेला मी गेले नव्हते. घरून कुणाचा फोन नव्हता. इतक्या गर्दीत माझ्याशी त्या दिवशी एवढंच एक माणूस बोललं.

संध्याकाळी घरी आले. सिस्टर इतक्या लवकर परतायच्या नाहीत, पण दार उघडं होतं. त्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. पायात चपला तशाच. दिवा लावलेला नाही. मांडीवर गाठोडं.

"काय झालं? आत सोडलं नाही का?"

"सोडलं की. वॉर्डातली आपली आयाबाई होती ना सारसोळ्याची, तीच भेटली." आणि सिस्टरनी तिची हुबेहूब नक्कल केली, पण आवाजात जोर नव्हता. "'यंदा कोनी एकटी नाय गो सिस्टर. समद्यांना मानसं हायेत.'"

"मग चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं. एकीची आई, एकीची सासू, एकीची नणंद. एकीकडे तर नवरा बसला होता, बाळाला घेऊन, घाबरलेला. देवाची दया. मी दोनदा चक्कर मारली. दुसऱ्यांदा मारताना मला कळलं गं, मी काय करतेय ते. कुणीतरी एकटी सापडू दे, असं मी मनात म्हणत होते. हे काय मागणं झालं? नाताळच्या दिवशी? त्यांना मी नको आहे, आणि मला मात्र कुणीतरी एकटं हवंय."

सिस्टरना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या आताही नीट रडल्या नाहीत. नुसतं गाठोड्याची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या. मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं आणि कसं बसावं ते कळत नव्हतं. दोन वर्षं एका छताखाली राहिलो होतो, पण एकमेकींना हात लावायची सवय नव्हती. खाली लॉबीत तेच गाणं लागलं होतं, जे मी दिवसभर ऐकून आले होते.

"बस," त्या एकदम म्हणाल्या. "उभी का आहेस? दिवसभर उभीच असशील."

मी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसं पाहणं मला माहीत होतं. भाजीवाल्याचं मनगट धरताना त्या तसंच बघायच्या.

"मुलगा होता की मुलगी?"

मला एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, ऑफिसात तर नाहीच. "मुलगी."

"बघितलीस?"

"दाखवली नाही. म्हणाले, नका बघू, त्रास होईल."

"अंगात काय होतं तिच्या?"

"काही नाही. दवाखान्याचं हिरवं कापड होतं. नवऱ्यानं सांगितलं."

सिस्टर उठल्या. चपला काढल्या, दिवा लावला, मोरीत जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश, पाणी वाया जातंय याची पर्वा न करता. मग माझ्या खोलीत गेल्या. पलंगावरची चादर बदलल्याचा आवाज आला, कढल्यात तेल तापल्याचा वास आला. "ये आत," त्यांनी हाक मारली.

"सिस्टर, आता इतक्या वर्षांनी काय..."

"तुझं बाळंतपण कुणी केलंच नाहीये. ते तसंच राहिलंय. ये."

त्यांनी माझे पाय रगडले, पाठ रगडली, कंबर रगडली. हात त्या वयातही लोखंडी होते. मी कधी रडायला लागले ते मला कळलं नाही आणि त्यांनी थांबवलं नाही, गप्प हो म्हटलं नाही, त्याचा बाऊ करू नकोस म्हटलं नाही. मध्येच एकदा म्हणाल्या, "येऊ दे. वार पडल्याशिवाय बाई मोकळी होत नाही." मग मऊ फडक्यानं माझं डोकं बांधलं, कान झाकले, पाठीशी उशी दिली. लाडूचा डबा आणला आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

मग त्यांनी गाठोडं उघडलं. झबलं, टोपडं, दुपटं, गोधडी, एकेक माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तिचं," त्या म्हणाल्या. "हिरव्या कापडात गेली ती. आता राहू दे तुझ्यापाशी."

मी ते झबलं हातात घेतलं. बोटभर लांबीच्या बाह्या. टाके किती बारीक होते. ते शिवताना सिस्टरना ठाऊक नव्हतं आपण कुणासाठी शिवतोय.

"नाव काय ठेवणार होतीस?"

मी नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. सिस्टरनी ते नाव घेऊन प्रार्थना केली, अगदी थोडी. प्रार्थनेत त्या देवाशी पेशंटबद्दल बोलावं तसं बोलायच्या. म्हणाल्या, प्रभू, तू स्वतः बाळ होऊन आलास, तेव्हा उघड्यावर कसं वाटतं ते तुला ठाऊक आहे. हिची लेक तुझ्याकडे आहे. तिला नीट गुंडाळून ठेव. हिच्याकडे मी बघते. आमेन.

मीही आमेन म्हटलं. कित्येक वर्षांत मी तो शब्द म्हणताना त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. लहानपणी ऐकलेला, मोठेपणी फायबरच्या हरणांमागे कुठेतरी ठेवून दिलेला तो सगळा नाताळ मला त्या क्षणी समजला असं म्हणणं जास्तीचं होईल. एवढंच समजलं की गोठ्यात, अंधारात, जिथे कुणी येणार नाही असं वाटतं, तिथे कुणीतरी आलं होतं. आणि ते माझ्याकडेही आलं होतं, पांढरी साडी नेसून, तेलकट हातांनी.

"उद्याची रजा सांग," सिस्टर डबा बंद करत म्हणाल्या.

"उद्या कसं? न्यू इयरचा सेटअप आहे. सगळी हरणं काढून आकडे लावायचेत."

"बाळंतीण कामाला जात नाही. सांग."

मी साहेबांना फोन लावला. मागे त्यांच्या घरी पार्टी चालली होती, पेल्यांचा आवाज येत होता.

"अगं उद्या? मरवशील मला!" ते ओरडले. "क्लायंट सकाळी येतोय. काय झालं, बरं नाही का?"

"बरी आहे, सर. बाळंतपण आहे."

"बाळंतपण? कोणाचं?"

सिस्टर समोर उभ्या होत्या. मी मांडीवरच्या झबल्यावर हात ठेवला.

"माझं," मी म्हटलं. "मला मुलगी झाली होती, सर."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि पार्टीचा गलका बारीक झाला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. उद्या नको येऊस. परवाही नको." सिस्टरनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, बाळंतिणीनं फार बोलू नये म्हणाल्या, माझे पाय पांघरुणात नीट घेतले, आणि खुर्ची ओढून माझ्या उशाशी ड्यूटीला बसल्या.